संगणकाच्या उत्तराचा ताळा

गुणाकार झाल्यावर नवाचा ताळा पाहण्याची पद्धत तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? घरी आजोबांना विचारा, ते सांगतील. समजा, ३४७ ला २९ ने गुणले आणि उत्तर आले १००६३. ३४७ मधील अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज केली की ५. २९ ची बेरीज ११, म्हणजे २. पाच दुणे दहा, म्हणजे १. आता उत्तराकडे वळा. १००६३ मधील अंकांची बेरीज १०, म्हणजे पुन्हा १. दोन्हीकडे १ आला, ताळा जुळला. जुळला नसता तर कोठे तरी चूक झाली आहे हे नक्की. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ताळा पाहणाऱ्याला खरे उत्तर आधी माहीत असावे लागत नाही.

घरोघरी गणकयंत्रे आली आणि ताळा मागे पडला. संगणक आल्यावर तर तो पार विस्मरणात गेला. ‘संगणकाने काढलेले उत्तर आहे’ असे म्हटले की वाद संपतो. बी.एस्सी.चे विद्यार्थी सी भाषेत आज्ञावली लिहून भौतिकीची काही प्रात्यक्षिके करतात, ती मी रोज पाहतो. पडद्यावर जो आकडा उमटेल तो दशांश चिन्हापुढच्या सगळ्या अंकांसह जर्नलात उतरतो. हीच मुले दोरा, गोळी आणि घड्याळ घेऊन लंबकाचा आवर्तकाल काढताना तीन-तीनदा वाचन घेतात. संगणकापुढे बसली की मात्र एकदाच! माझ्या मते हे बरोबर नाही. का ते समजण्यासाठी तुमची आणि संगणकाची गाठ घालून देणाऱ्या एका दुभाष्याची ओळख करून घ्यावी लागेल.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. पन्नास वर्षे उलटली तरी मोटारीतील नियंत्रक, निरनिराळी उपकरणे आणि लिनक्ससारख्या कार्यप्रणाली यांच्यासाठी ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. परंतु संगणकाच्या यंत्राला सी भाषेतले अवाक्षरही कळत नाही. ‘या डब्यातला आकडा उचल, त्या डब्यातल्यात मिळव, तिकडे ठेव’ अशा अगदी बारीक आज्ञा, त्याही आकड्यांच्या रूपात दिलेल्या, एवढेच त्याला समजते. आपण लिहिलेली आज्ञावली वाचून तिचा यंत्रभाषेत अनुवाद करणारी जी दुसरी आज्ञावली असते तिला कंपायलर म्हणतात. म्हणजे तुम्ही लिहिता एक आणि यंत्र प्रत्यक्षात चालवते दुसरेच. दोहोंचा अर्थ एकच आहे हे आपण दुभाष्याच्या भरवशावर मानून चालतो. आणि हा दुभाषाही माणसांनीच लिहिलेला आहे, लाखो ओळींचा.

शब्दाला शब्द ठेवून हा दुभाषा थांबला असता तर त्याच्या चुका पुष्कळच कमी झाल्या असत्या. पण आपल्याला आज्ञावली चालायला तर हवीच, शिवाय ती भराभर चालायला हवी. ही अपेक्षा पहिल्यापासूनची आहे. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेला फोरट्रान भाषेचा कंपायलर १९५७ साली लोकांच्या हाती आला. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेशी याच्या अनुवादाची बरोबरी होईल का, अशी शंका जाणकारांना होती. म्हणून त्या गटाने अनुवाद चपळ करण्यावरच फार मेहनत घेतली होती. या कामाला इष्टतमीकरण असा भारदस्त पारिभाषिक शब्द आहे. आपण त्याला काटकसर म्हणू.

काटकसर कशी चालते ते पाहा. तुम्ही आज्ञावलीत २४ गुणिले ६० गुणिले ६० असे लिहिलेत, तर कंपायलर अनुवाद करतानाच गुणाकार उरकतो आणि थेट ८६४०० लिहून ठेवतो. हजार वेळा फिरणाऱ्या चक्रात दर फेरीला तेच गणित होत असेल, तर तो ते चक्राबाहेर काढून एकदाच करतो. ज्याचे उत्तर कोठेच वापरलेले नाही असे गणित तो गाळूनच टाकतो. याहून मजेदार नमुनाही आहे. शाळकरी गाऊसने १ ते १०० ची बेरीज सूत्राने चुटकीसरशी केली, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. क्लँग नावाच्या कंपायलरला ही युक्ती येते. तुम्ही १ पासून न पर्यंत एकेक संख्या मिळवत जाणारे चक्र लिहा आणि त्याला काटकसर करायला सांगा. तो चक्र काढून टाकतो आणि त्या जागी न गुणिले (न + १) भागिले २ या अर्थाच्या मोजक्या आज्ञा ठेवतो.

येथे जरा थांबू या, कारण घसरण्याची जागा नेमकी येथेच आहे. सी भाषेत पूर्णांकासाठी बहुधा ३२ बिटांचा डबा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. न ची किंमत ६०,००० घ्या. बेरीज येते १,८०,००,३०,०००. ती डब्यात आरामात मावते, म्हणून एकेक संख्या मिळवत गेलात तर उत्तर बिनचूक येते. पण सूत्राने जायचे तर आधी ६०,००० गुणिले ६०,००१ करावे लागते आणि तो गुणाकार आहे ३,६०,००,६०,०००. तो डब्यात मावत नाही! दोनाने भागायची वेळ येण्याआधीच आकडा सांडलेला असतो. क्लँगच्या कर्त्यांना हे ठाऊक आहे, म्हणून तो या गुणाकारापुरता मोठा डबा घेतो. अशा युक्त्या कंपायलरमध्ये शेकड्यांनी असतात, प्रत्येकीच्या अशा आडवाटेच्या अटी असतात, आणि एका युक्तीने बदललेल्या आज्ञावलीवर दुसरी युक्ती चालते. एखादी अट लिहायची राहून गेली की तेवढ्या प्रसंगापुरते उत्तर चुकते. चुकताना घंटा वाजत नाही, तांबडा दिवा लागत नाही. पडद्यावर एक आकडा उमटतो, इतर आकड्यांसारखाच.

ही निव्वळ कल्पना नव्हे. २००८ मधील उबंटू ८.०४.१ या लिनक्सबरोबर जो जीसीसी कंपायलर मिळत असे, त्याचा एक दोष प्रसिद्ध आहे. आठ बिटांच्या चिन्हयुक्त डब्यात १ ठेवा, आठ बिटांच्या चिन्हरहित डब्यात २५५ ठेवा आणि पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे काय, असे विचारा. बालवाडीतले मूलही ‘नाही’ म्हणेल. हा कंपायलर ‘होय’ म्हणे. २५५ ही संख्या आठ बिटांत मांडली की आठही जागी १ येतो, आणि आठ एकांची हीच रांग चिन्हयुक्त मानून वाचली तर तिचा अर्थ उणे १ होतो. उणे १ पेक्षा १ मोठाच. गफलत होण्याचा हा एक सरळ मार्ग आहे. जीसीसीच्या मूळ प्रतीत हा दोष नव्हता. उबंटूच्या प्रतीत वरून पुष्कळ ठिगळे जोडलेली होती, तिच्यात तो होता.

हा दोष शोधणाऱ्यांची हकीकत तर अधिक रंजक आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाची एक आज्ञावली तयार केली. तिचे काम एकच, सी भाषेत आज्ञावल्या रचत सुटणे. या आज्ञावल्यांना काही हेतू नसतो. फासे टाकून वाक्ये जुळवावीत तशा त्या जुळवलेल्या असतात, मात्र व्याकरणाला आणि भाषेच्या नियमांना धरून. प्रत्येकीच्या शेवटी सगळ्या प्रमुख डब्यांतील आकड्यांचे मिळून एकच आकडी सार निघते. आपल्या नवाच्या ताळ्याचेच हे भावंड म्हणा ना!

आता अडचण अशी, की अशा अर्थहीन आज्ञावलीचे बरोबर उत्तर कोणालाच माहीत नाही. मग कंपायलर चुकला हे ओळखायचे कसे? उपाय साधा आहे. तीच आज्ञावली अनेक कंपायलरांना द्यायची. एकेका कंपायलरलाही एकदा काटकसर बंद ठेवून आणि मग कमी-अधिक काटकसर करायला सांगून ती द्यायची. भाषेचे नियम पाळलेले असतील तर सगळ्यांचे उत्तर एकच यायला हवे. एकाचे वेगळे आले की कोणी तरी चुकले. विल्यम मॅकीमन यांनी १९९८ साली या पद्धतीची मांडणी केली होती. युटाच्या मंडळींनी ती सी कंपायलरांवर मोठ्या प्रमाणावर चालवली. तीन वर्षांत त्यांनी पूर्वी ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष कंपायलरांच्या कर्त्यांना कळवले आणि २०११ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी अनुवाद करता करता कोसळला, आणि प्रत्येकाने कधी ना कधी गुपचूप चुकीचा अनुवादही केला. विकत घेतलेलेही त्यातून सुटले नाहीत.

‘पण बहुमताने सत्य कसे ठरेल?’ असे तुमच्यापैकी कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. विज्ञानात बहुमताला किंमत नाही. बहुमत येथे फक्त बोट दाखवते. पुढे माणसाने आज्ञावली वाचून, भाषेचे नियम लावून निवाडा करायचा असतो. बहुसंख्य कंपायलरांचे एकच चुकीचे उत्तर जुळले, असे त्या तीन वर्षांत एकदाही आढळले नाही, हे त्यांनी नमूद केले आहे. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा. १ आणि २५५ चा तो दोष काटकसरीच्या सर्व पातळ्यांवर सारखाच दिसत होता. त्या एकाच कंपायलरला काटकसर बंद ठेवून विचारले असते तरी तो चुकीचेच उत्तर ठामपणे देत राहिला असता. तेथे दुसरा साक्षीदार बोलवावाच लागतो.

दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर? त्यावरही तोड आहे, आणि ती आमच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत जुनी आहे. तराजूच्या दोन भुजा असमान आहेत असा संशय आला तर वस्तू आणि वजने यांची पारडी बदलायची. तराजू खरा असेल तर काही फरक पडणार नाही. पडला तर तराजू खोटा. वस्तूचे खरे वजन किती हे ठाऊक नसतानाही तराजूची लबाडी उघडी पडते. मीटर ब्रिजच्या प्रयोगात डावीकडचा रोध उजवीकडे नेऊन दुसरे वाचन घ्यायला लावतात त्यामागेही हाच विचार आहे. ज्याने उत्तर बदलू नये असा बदल मुद्दाम करून पाहायचा.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात वू ले, मेहरदाद अफशारी आणि झेंडोंग सू यांनी हीच गोष्ट कंपायलरला लावली. एखादी आज्ञावली एक ठराविक आकडा देऊन चालवायची आणि तिच्या कोणत्या ओळींपर्यंत यंत्र पोचलेच नाही ते टिपून ठेवायचे. ‘न ऋण असेल तर असे कर’ असे लिहिले आहे आणि न ला ५ ही किंमत दिली, तर त्या ओळी कोऱ्याच राहणार. मग त्या न चाललेल्या ओळींतल्या काही खोडून टाकायच्या, पुन्हा अनुवाद करायचा आणि पुन्हा ५ देऊन चालवायचे. उत्तर बदलायचे काही कारणच नाही. पण ओळी गेल्यामुळे कंपायलरला आज्ञावली निराळी दिसते, तो निराळ्या युक्त्या लावतो आणि कोठे अट विसरला असेल तर पकडला जातो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे अकरा महिन्यांत जीसीसी व एलएलव्हीएम या दोन कंपायलरांतील १४७ दोष या मार्गाने सापडले आणि कर्त्यांनी ते मान्य केले. क्लँग हा या एलएलव्हीएमच्याच घरातला. लक्षात घ्या, सीस्मिथने तीन वर्षे झोडपून काढलेले कंपायलर हेच होते, तरीही एवढे शिल्लक होते. मला स्वतःला ही युक्ती सीस्मिथपेक्षाही आवडते, कारण ती कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही समजावून सांगता येते.

दोष सापडला तरी काम संपत नाही. सीस्मिथच्या आज्ञावल्या अजस्र असतात. सरासरी ८१ किलोबाइटच्या आसपास लांबी ठेवली तर सर्वांत जास्त दोष सापडतात, असे त्यांना दिसून आले. एवढे भारूड कंपायलरच्या कर्त्यापुढे टाकून ‘यात कोठे तरी तुझी चूक आहे’ म्हटले तर तो ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून आज्ञावली छाटत जायची. एक तुकडा काढायचा, चूक अजून दिसते का पाहायचे. दिसत असेल तर तो तुकडा निरुपयोगी होता, टाकून द्या. चूक नाहीशी झाली तर परत जोडा आणि दुसरा तुकडा काढून पहा. दिवाळीच्या दिव्यांच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझते, आणि घरातला कोणी तरी निम्मी-निम्मी माळ तपासत त्या दिव्यापर्यंत पोचतो, तसाच हा प्रकार. आता हे छाटण्याचे कामही आज्ञावलीच करते आणि हजारो ओळींतून पाच-दहा ओळी शिल्लक राहतात. १ आणि २५५ सारखे सुटसुटीत उदाहरण पाहिले की आपल्याला वाटते, एवढी साधी चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? साधे उदाहरण पाहायला सोपे असते, तेथवर पोचणे सोपे नसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. उत्तरे जुळली नाहीत म्हणजे कंपायलर चोर, असे लगेच ठरवू नका. सी भाषेने काही गोष्टींची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर टाकलेली आहे. चिन्हयुक्त पूर्णांकाचा डबा ओसंडून वाहिला तर काय होईल, हे भाषा सांगतच नाही. ‘असे होऊ देऊ नका’ एवढेच म्हणते. समजा, डबा भरत आला आहे की काय ते पाहण्यासाठी तुम्ही ‘क्ष + १ हा क्ष पेक्षा मोठा आहे का?’ असे विचारलेत. सरळ अनुवाद केला तर सर्वांत मोठ्या संख्येत १ मिळवताच यंत्रात बहुधा ऋण संख्या येते आणि उत्तर ‘नाही’ असे मिळते. काटकसरी कंपायलर म्हणतो, डबा सांडू द्यायचा नाही असा नियम आहे, तेव्हा क्ष + १ नेहमी मोठाच, विचारायचे कशाला? आणि तो तुमची तपासणीच गाळून टाकतो. येथे नियम मोडला तो तुम्ही.

मोठमोठ्यांनाही हे भोवले आहे. २००९ साली लिनक्सच्या गाभ्यात, आभासी जाळ्याशी संबंधित एका भागात, आधी एका पत्त्यावरचा डबा उघडून पाहिला होता आणि मग ‘हा पत्ता शून्य तर नाही ना?’ असे विचारले होते. शून्य पत्त्यावरचा डबा उघडणे भाषेला मंजूर नाही. कंपायलरने तर्क केला, की ज्या अर्थी डबा उघडला आहे त्या अर्थी पत्ता शून्य असूच शकत नाही, सबब हा प्रश्न फालतू. तपासणी गाळली गेली आणि घुसखोराला वाट मिळाली. त्यानंतर लिनक्सच्या गाभ्याचा अनुवाद करताना ‘पत्त्याच्या अशा तपासण्या काढू नकोस’ अशी खास सूचना कंपायलरला दिली जाऊ लागली. कंपायलर नियमाने बरोबर होता. तरी तो शहाणपणाने वागला असे मी म्हणणार नाही. पण तो वाद कंपायलरांचे कर्ते आणि वापरणारे यांच्यात वर्षानुवर्षे चालला आहे.

कधी कधी दोन्ही उत्तरे नियमाला धरून असतात. १ ते ३०० ची बेरीज करणारी आज्ञावली आजच्या जीसीसीवर चालवली तर ४५१५० येते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवलेल्या जुन्या टर्बो सीवर तीच चालवा, उत्तर येईल उणे २०३८६. टर्बो सीमध्ये पूर्णांकाचा डबा १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही. डब्याचे माप भाषेने मोकळे ठेवले आहे. अपूर्णांकांची तऱ्हा आणखी निराळी. १ वर सोळा शून्ये एवढी संख्या घ्या, तीत १ मिळवा, मग तीच मोठी संख्या वजा करा. दुहेरी अचूकतेच्या अपूर्णांकांत उत्तर शून्य येते, कारण एवढ्या मोठ्या संख्येपुढे तो १ नोंदवायला जागाच उरत नाही. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला तर उत्तर १. ‘फास्ट-मॅथ’ नावाची सवलत दिली तर कंपायलरला असा क्रम बदलण्याची मुभा मिळते. सवलत आपणच दिलेली असते, तेव्हा तक्रार करायला तोंड नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. पंप चालू करायचा, पातळी वाचत राहायचे आणि टाकी भरली की पंप बंद करायचा, अशी आज्ञावली एका छोट्या नियंत्रकात आहे. पातळीचा आकडा एका डब्यात येतो आणि तो बाहेरून बदलतो. कंपायलर पाहतो, की आज्ञावलीत तर हा डबा कोणीच बदलत नाही, मग दर वेळी काय वाचायचा? एकदा वाचला की झाले. टाकी वाहू लागते. हे टाळण्यासाठी सी भाषेत ‘व्होलाटाइल’ असा शब्द आहे. तो लिहिला की अर्थ होतो, ‘येथे काटकसर नको, दर वेळी डबा उघडून पाहा’. हा शब्द लिहिलाच नाही तर दोष आपला. पण लिहूनही कंपायलरने तो पाळला नाही तर? एरिक आयडे आणि रेगर यांनी २००८ साली १३ प्रचलित कंपायलर या एका मुद्द्यावर तपासले. तेराच्या तेरा कोठे ना कोठे चुकले. हे कंपायलर उपकरणांच्या पोटातल्या आज्ञावल्यांसाठीही वापरले जातात. घरची टाकी वाहिली तर शेजारी ओरडतील इतकेच. पण सगळीच उपकरणे टाकीवर बसवलेली नसतात.

मग कधीच न चुकणारा कंपायलर करता येणार नाही का? त्या दिशेने एक मोठे पाऊल फ्रान्समध्ये पडले आहे. झाविये लेरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्पसर्ट नावाचा सी कंपायलर लिहिला आणि त्याचा अनुवाद मूळ अर्थाला धरून असतो, हे भूमितीतल्या प्रमेयासारखे सिद्ध केले. सिद्धतेची पायरी न् पायरी संगणकाकडून तपासून घेतली. सीस्मिथने त्यालाही सोडले नाही! सिद्धतेबाहेर राहिलेल्या भागांत काही दोष सापडले. सिद्ध केलेल्या भागात मात्र एका संगणकाला सहा वर्षे लागतील एवढे काम करूनही चुकीचा अनुवाद एकही निघाला नाही. इतर कोणत्याही कंपायलरबद्दल त्यांना असे म्हणता आले नाही. पण कॉम्पसर्ट काटकसरीच्या युक्त्या मोजक्याच वापरतो, आणि आपण रोज वापरतो ते कंपायलर सिद्ध केलेले नाहीत. त्यांच्याबाबतीत आपल्या हाती तपासणीच आहे.

आणि तपासणी तरी सर्वज्ञ थोडीच आहे! ५६ च्या जागी चुकून ६५ लिहिले तर नवाचा ताळा तरीही जुळतो, हे आजोबांनाही ठाऊक होते. ताळा जुळला नाही तर चूक नक्की. जुळला तर चूक नाही असे मात्र नाही. एवढे भान ठेवून ताळा पाहायचा.

माझी सूचना तशी लहान आहे. शाळेत किंवा महाविद्यालयात संगणकाचे जे जे प्रात्यक्षिक होते, त्यात उत्तराबरोबर त्याचा ताळाही जर्नलात लिहिला जावा आणि त्याला वेगळे गुण असावेत. काटकसर बंद ठेवून आलेले उत्तर, काटकसर चालू ठेवून आलेले उत्तर, आणि शक्य तेथे दुसऱ्या कंपायलरचे उत्तर, एवढे लिहायला तीन ओळी लागतात. यावर एक आक्षेप मी वरचेवर ऐकतो, की कंपायलरचे दोष इतके विरळा आहेत की विद्यार्थ्याला ते आयुष्यात भेटणार नाहीत; शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा चूक त्याची स्वतःचीच असते. अगदी मान्य. पण ताळा चूक कोणाची हे विचारतच नाही. सांडलेला डबा, किंमत न देताच वापरलेला डबा, मर्यादेबाहेर गेलेली यादी, या नवशिक्यांच्या नित्याच्या चुका काटकसर चालू-बंद केल्यावर पुष्कळदा उत्तर बदलून आपण होऊन बाहेर येतात. म्हणजे विरळा दोषासाठी लावलेल्या जाळ्यात रोजचे मासे सापडतात. बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत ‘हे उत्तर बरोबर कशावरून?’ एवढे एकच विचारायला सुरुवात केली, तर वर्षभरात जर्नलांचे रूप पालटेल असे मला वाटते. प्रश्नाला खर्च काहीच नाही.

तुम्हांला परीक्षेची वाट पाहायचे कारण नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांच्या दोषांच्या याद्या जगातल्या कोणालाही वाचता येतात. अनुवादाची आज्ञा देताना एक आडवी रेघ, रोमन लिपीतले मोठे ‘ओ’ हे अक्षर आणि त्यापुढे शून्य लिहिले की काटकसर बंद होते. शून्याच्या जागी दोन लिहिले की ती जोरात सुरू होते. जीसीसीत २०१४ पासून, आणि क्लँगमध्येही, नियमभंग झाला की आज्ञावली चालतानाच ओरडून सांगणारा एक पहारेकरी आहे. त्याचे नाव ‘अनडिफाइन्ड बिहेव्हियर सॅनिटायझर’. तो सगळेच नियमभंग पकडत नाही, पण डबा सांडलेला त्याला बरोबर दिसतो. कंपायलरवर बोट ठेवण्याआधी त्याला एकदा विचारावे. १ ते ६०,००० च्या बेरजेपासून सुरुवात करा. १,८०,००,३०,००० हे उत्तर दोन्ही कंपायलरांनी, दोन्ही पातळ्यांवर दिले पाहिजे. मग ६०,००० च्या जागी ७०,००० घालून पाहा, आणि उत्तर लिहून घेण्याआधी ते डब्यात मावते का हे कागदावर काढा.